बेटावर चालत आलेली आजी

मोखाड्याच्या बाजारात आज पानाच्या द्रोणात करवंदं मिळाली. पहिलंच तोंडात टाकलं आणि धरणाच्या पाण्यातलं ते बेट आठवलं.

आम्ही तिघी कॉलेजच्या मैत्रिणी, मे महिन्यात जीपनं धरणावर गेलो होतो. पाण्यात करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली टेकडी दिसली आणि बेटावर जायचंच, असा मी हट्ट धरला. मासे धरणाऱ्या एका काकांनी होडीतून नेलं. आमच्यातल्या सुनंदाला पाण्याची भयंकर भीती. ती माझा दंड आवळून, डोळे मिटून बसली होती.

बेटावर उतरल्यावर आम्ही आरोळ्या ठोकल्या, बोटं काळीनिळी होईपर्यंत करवंदं खाल्ली.

"इथं आपल्याआधी कुणी आलंच नसेल," मी म्हणाले.

तेवढ्यात जाळीतून चार शेळ्या बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून एक आजी.

"आजी, तुमची होडी कुठंय?"

"होडी कशाला, बाय? मागल्या अंगाला पानी आटलाय. चालत आलू. धरनाच्या आधी आमची नागली व्हायची इथं."

मी काकांवर उखडले, "आधी का नाही सांगितलंत?"

"तुमाला होडीत बसायचा होता ना," काका शांतपणे म्हणाले.

तेव्हा राग आला होता, आज आठवून बाजारातच हसू फुटलं.

आम्ही दोघी ऐटीत होडीनंच परतलो. सुनंदा मात्र शेळ्यांमागून चालत गेली. तासाभरानं ती जीपपाशी आली, तेव्हा तिच्या हातात नागलीची, म्हणजे नाचणीची, गरम भाकरी होती.

आम्ही बेट पाहून आलो होतो. ती आजीच्या घरी जाऊन आली होती.