तांडेलाची जीभ

तांडेल लाकडाला जीभ लावायचा. बागेतलं बाक असो नाहीतर झोपाळ्याची फळी, आधी चाटून बघणार. "खारट हाय मेल्या, अजून धू!" मिरकरवाड्याच्या बंदरात होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, म्हणून अर्धा जन्म गेलेला. गुडघे गेले तेव्हा माझ्या शेडमध्ये येऊन बसला, तो बसलाच. ऊन-पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली बागेतली बाकं-खुर्च्या नीट करायचं काम माझं. मीठ आत राहिलं की वरचं तेल धरत नाही, हे मलाही ठाऊक. शाळा तिसरीतच सुटली, पण मी सुतार आहे. सुताराचं काम हाताचं. त्याला सांगूनच ठेवलं होतं, "मेलो तरी लाकूड चाटणार नाही."

दुरुस्त केलेलं बाक गिऱ्हाइकाकडे पोचलं की हा त्यापुढे नारळ फोडणार, नवी होडी सोडावी तसा. मी म्हटलं, "हे काय पाण्यात जाणार आहे?"

"पाण्यात नाय, पन पावसात तर ऱ्हानार ना!"

खोबरं मात्र एकटाच खायचा.

पावस गावच्या काकू आणि त्यांचे यजमान आंब्याखालच्या बाकावर चहा घेत. यजमान गेले आणि बाक कुजत पडलं. मुंबईचा मुलगा गणपतीला येऊन ते फेकणार होता, सिमेंटचं बसवणार होता. काकू म्हणाल्या, "मेस्त्री, त्याच्याआधी उभं करा हो." मी कुजक्या पट्ट्या बदलल्या, रंधा मारला, अळशीचं तेल दिलं. तांडेलाला ते पुरेना. मी जेवायला गेलो तेवढ्यात त्याने होड्यांना फासतात ते मुशी माशाचं तेल चोपडलं. तो वास तांडेलाच्या अंगाला तसाही यायचाच, म्हणून मला शंका आली नाही.

बाक पोचवलं, आणि दुसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला. दोघेही गेलो. बाकावर आळीतली सगळी मांजरं. गणपतीला आलेला मुलगा नाकाला रुमाल लावून उभा.

"गाढवा, माझं नाव घालवलंस!" मी तांडेलावर ओरडलो.

"वाळवी नाय लागायची," तो म्हणाला.

काकू मात्र हसत होत्या. मुलाला म्हणाल्या, "हे गेल्यापासून इथे कुणी फिरकलं नव्हतं रे." एक मांजर उचलून बसल्या. मुलाने रुमाल खिशात घातला, दुसरं मांजर उठवलं आणि आईशेजारी बसला. सिमेंटचा विषय तिथेच संपला.

तांडेल शिमग्याआधी गेला.

परवा काकूंचं बाक पुन्हा आलं. धुतलं, वाळवलं, हात फिरवला. झकास वाटलं. अळशीच्या तेलाची बाटली उघडली. मग शेडमध्ये कुणी नाही बघून वाकलो.

खारट होतं मेलं.

बाटलीला बूच लावलं आणि बादली भरायला उठलो.