मिठाचा धडा आणि रिकामा वर्ग

आता हे सांगायचं म्हणजे आपल्याच तोंडाने आपलं हसं करून घ्यायचं. पण विषय तुम्हीच काढलात, की शाळेत काय शिकवतात ते पालकांना कोणी कळवतच नाही. मी एकदा कळवलं होतं. मग काय झालं ते ऐका.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. पेणच्या खाडीकडच्या एका गावात मी तिसरीचा गुरुजी. घर रोह्याला, वडील धाटावला कंपनीत. मिठाशी माझा संबंध ताटापुरता. गावात मात्र घरटी माणूस मिठागरावर.

पुढच्या वर्षी हीच मुलं घेऊन मला चौथीला जायचं होतं. चौथी म्हणजे स्कॉलरशिपचा वर्ग, मानाचा! शिवाय मुलांवर जीव जडला होता, खोटं कशाला बोलू? मला चौथी द्यायची की नाही, हे विस्तार अधिकारी साहेब सोमवारी वर्ग बघून ठरवणार होते.

म्हटलं, छाप पाडू. शनिवारी कार्बन पेपर घालून एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरोघरी धाडल्या. 'आपल्या पाल्यास या आठवड्यात मीठ तयार करण्याचे संपूर्ण ज्ञान देण्यात आले आहे. पालकांनी सराव करून घ्यावा.'

संपूर्ण ज्ञान! दीड पानाचा धडा होता हो तो.

सोमवारी वर्गात गेलो. फळ्यावर सुविचार, टेबलावर फुलं, आणि समोर कोणीही नाही. पट एकोणीस, हजर शून्य.

धावत मिठागरावर गेलो. अख्खा वर्ग बांधावर, डोक्यावर टोपल्या! आमच्या वर्गातल्या सुमनची आई, हिराबाई, देखरेखीला उभी.

"हिराबाई, अहो मुलं इथे कशी?"

"सराव करून घेतेय. तुमीच लिवलंय ना?"

"अहो, सराव म्हणजे वाचन! प्रश्नोत्तरं!"

"मीठ वाचून निघतंय व्हय, गुर्जी?"

मी मुलांना खुणेनेच 'चला, चला' करू लागलो.

"आन सुमी मलाच शिकवतेय," हिराबाई म्हणाली. "म्हनते, आये, समुद्राचं पानी सुकलं की झालं मीठ. मग एवढी वरसं आमी काय केलं? तुमीच दाखवा आता."

साहेब दहाच्या एसटीने यायचे होते. म्हटलं, एकदा दाखवून टाकू आणि मुलं घेऊन पळू. लाकडी फळीने मीठ ओढायचं, त्यात काय एवढं? चपलांसकट रुबाबात उतरलो.

आता मिठागराचा तळ महिनाभर पायांनी चोपून चोपून घट्ट केलेला असतो, हे मला काय माहीत? धड्यात नव्हतं. मी फळी जोर लावून ओढली. तळ उकरला गेला आणि पांढऱ्याशुभ्र मिठात काळा चिखल वर आला. घाबरून मागे सरलो, तर चपलांनी आणखी दोन हात तळ फुटला.

"अगो बाय! आख्खं मीठ काळं केलं!" बांधावरून कोणीतरी ओरडलं.

मान वर केली, तर समोर साहेब. वर्गात चिटपाखरू नाही म्हणून विचारत विचारत थेट इकडेच आलेले.

"हजेरी?"

"एकोणीसपैकी एकोणीस, साहेब," मी घोटाभर खाऱ्या पाण्यातून म्हणालो.

साहेबांनी मुलं मोजली. बरोबर भरली. मग त्यांनी मुलांना विचारलं, "गुरुजींचं काय चुकलं?"

एकोणीस हात वर! वर्षभरात माझ्या एकाही प्रश्नाला एवढे हात वर आले नव्हते. सुमनने तर तळ कसा चोपतात, पाणी कधी सोडतात, फळी किती हलकी धरतात, सगळं घडाघडा सांगितलं.

साहेब खूश. "वा! प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण!"

मी पाण्यातच ताठ उभा राहिलो. चौथी आलीच हातात.

जाता जाता साहेबांनी हिराबाईला सहज विचारलं, "काय बाई, गुरुजी कसे आहेत?"

हिराबाईने त्या काळ्या पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मानूस गुनी हाय, साहेब. पोरांवर माया बी हाय. पन कच्चा हाय. आनखी एक वरीस तिसरीतच ठेवा."

साहेबांनी पालकांच्या मताचा मान राखला. जूनमध्ये एकोणीसच्या एकोणीस मुलं चौथीत गेली. मी तिसरीतच राहिलो.