भिमाबाईची चाळीस फुटांची पट्टी

वरवट बकाल गावच्या बुद्धविहारासमोर, कुंपणाच्या आतल्या बाजूला, चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मोकळी पट्टी पडून होती. तिथं सिमेंटचे ब्लॉक बसवायचे, असं विहार समितीचे सचिव देवानंद गुरुजी यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. जूनच्या बैठकीत ते तसं बोलले, तेव्हा मागच्या सतरंजीवरून भिमाबाईचा आवाज आला.

"ब्लॉकात काय फुलते, गुरुजी? मले द्या ते पट्टी. मी लावीन फुलं."

सगळे मागं वळून पाहू लागले. भिमाबाई बैठकीत कधी बोलत नसे. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, तण काढायला गेली. वावरात काय पेरायचं, कुठं पेरायचं, हे तिला कोणी कधी विचारलं नाही. उगवून आल्यावर काय उपटायचं, तेवढं सांगत.

"भिमामाय, हे वावर नाही. येणारे-जाणारे पाह्यतीन," गुरुजी म्हणाले.

"मंग पाह्यासाठीच लावून राह्यली ना मी. खायासाठी थोडीच!"

हशा झाला. त्या हशातच गुरुजी कबूल झाले. पण अट घालून. अशोक विजयादशमीपर्यंत पट्टी भिमाबाईची. तोवर शोभा आली नाही, तर ब्लॉक.

घरी आल्यावर भिमाबाईला धडकी भरली. बोलून तर बसली मी, आता करायचं कसं? रात्रभर तिच्या डोळ्यांपुढं वावरातले तास, पिकाच्या ओळीच येत होत्या: एक तास झेंडूचा, एक शेवंतीचा, कपाशीसारखे सरळ. सकाळी ती विहाराच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिच्या ध्यानात आलं, की वावर माणूस धुऱ्यावर, बांधावर उभा राहून पाहतो आणि ही पट्टी पाहणार रस्त्यावरून, चालता चालता. पुढं उंच झाड आलं तर मागचं दिसणारच नाही. मग तिनं घरून मूठ मूठ धान्य पदरात आणून पायरीवर मांडलं. मागं विहाराच्या भिंतीजवळ तुरीचे दाणे, म्हणजे जास्वंद आणि तगर. मध्ये मुगाचे, म्हणजे झेंडू आणि गुलमेंदी. पुढं तीळ, म्हणजे ऑफिसटाइमची बुटकी फुलं. ओळी नाहीत, पाच-सात, पाच-सात असे झुपके. एका जागचा बहर सरला तर शेजारचा सुरू व्हावा, म्हणून ती दाणे उचलून पुन्हा पुन्हा मांडत राहिली. चिमण्यांनी दोनदा बगीचा खाल्ला.

तिची सून महामाया अंगणवाडीत होती. तिनं नांदुऱ्याहून कॉसमॉसच्या बियांची पुडी आणली. पाकिटावरचं गुलाबी फूल भिमाबाईला इतकं आवडलं, की पट्टीची मधली दहा फूट जागा तिनं त्यालाच दिली. बाकी फांद्या, कंद, रोपं घरोघरून आली.

जुलैत सगळं लावून झालं. तीन आठवड्यांनी, एका ढगाळ सकाळी भिमाबाई निंदायला बसली. सोबतीला पुष्पाबाई होती. दोन एकरांची मालकीण, पण स्वतःचं आटोपलं की तीही भिमाबाईबरोबर मजुरीला जायची. दोघी गप्पा मारत सरकत होत्या. पुष्पाबाईच्या जावयाची नवी मोटारसायकल, तिच्या विहिणीचे नखरे. हात आपलं काम करत होते.

दुपारी महामाया आली आणि थबकली.

"आई, कॉसमॉस कुठं गेलं?"

"उगवलंच कुठं? इथं सारं गाजरगवत झालं होतं. मुळासकट काढलं, पाह्य."

कुंपणाशी उपटलेल्या रोपांचा ढीग होता. महामायानं त्यातलं एक उचललं. बारीक चिरलेली, झालरीसारखी पानं. गाजरगवतासारखीच दिसणारी, पण कॉसमॉसची. तिनं ते रोप सासूच्या हातावर ठेवलं. भिमाबाई खाली बसली. गाजरगवत दिसलं की उपटायचं, हे हातांत इतकं मुरलं होतं, की पान चोळून वास घ्यायचंही सुचलं नाही.

"बकऱ्यांनी खाल्लं म्हणू," पुष्पाबाई हळूच बोलली.

"काऊन? बकरीचं नाव कायले?" भिमाबाई उठली. "मुळं शाबूत आहेत. आण वं पाणी."

मुळासकट उपटायची सवय तेवढी कामी आली. तिघींनी वाळत चाललेली रोपं पाण्यात बुचकळून पुन्हा लावली, एरंडीची पानं काड्यांवर खोवून सावली केली. तीन दिवस ढग राहिले. निम्मी जगली. उरलेल्या जागांत पुष्पाबाईनं आपल्या धुऱ्यावरची अंबाडीची कोवळी रोपं आणून दिली.

विजयादशमीच्या चार दिवस आधी गुरुजी ब्लॉकवाल्याला घेऊनच आले. भिमाबाई पट्टीच्या एका टोकाला उभी राहिली. मागं लाल जास्वंद, पुढं ऑफिसटाइमचा रंगीत काठ, झेंडू भरात. मध्ये मात्र गुलाबी कॉसमॉस विरळ डुलत होतं आणि त्यातून डोकं काढून अंबाडी उभी होती. जांभळ्या पोटाची, फिकट पिवळी फुलं नुकती लागलेली.

"हे अंबाडी काऊन मधात? भाजी कराची काय?" गुरुजींनी विचारलं.

"माह्याच हातानं चांगली रोपं उपटल्या गेली, गुरुजी. गाजरगवत समजून. मंग खाली राह्यलेल्या जागेत हे लावलं." तिनं सगळं सांगून टाकलं.

गुरुजी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले. ब्लॉकवाला टेप उघडून वाकला होता, तोही अंबाडीकडे पाहत म्हणाला, "आमच्या धुऱ्यावर राह्यते, पण असं दिसते हे पाह्यलंच नाही कधी."

"टेप गुंडाळ," गुरुजी म्हणाले. "मागं नळापाशी चिखल होते. तिथं बसवू ब्लॉक."

मग ते फाटकाच्या पलीकडं बोट दाखवून म्हणाले, "भिमामाय, त्या बाजूले तीस फूट अजून आहे. तिथं काय लावावं?"

भिमाबाईनं डोळ्यांवर हात धरला. तिकडं दुपारनंतर भिंत तापत असे, जास्वंद टिकणार नव्हती. उत्तर द्यायची तिला घाई नव्हती.

"ऊन लय आहे तिकडं. दोन दिवस पाहू द्या मले," ती म्हणाली. "मंग सांगीन."