मेस्त्रींचा राहिलेला कागद

रविवारी सकाळी मी बहरीनमधल्या अदलिया भागातल्या आमच्या ऑफिसात पर्स टेबलावर ठेवत होते, तेवढ्यात कॅम्पवरून फोन आला. कामगारांच्या खोल्यांमधून असा सकाळी सकाळी फोन चांगल्यासाठी येत नाही. "मॅडम, मेस्त्री उठ नहीं रहा." पाऊण तासाने पुन्हा फोन... खलास. झोपेतच गेले होते. विष्णू मेस्त्री, आमच्या इंटिरियर कंपनीतले मुख्य सुतार, कुडाळजवळच्या एका वाडीतले, वय अठ्ठावन्न. मला रडू आलं नाही. मला हायसं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे. गेले चार महिने ते माझ्याकडे एक कागद मागत होते आणि आता तो मागायला कोणी येणार नव्हतं. दुसऱ्याच क्षणाला स्वतःची जी लाज वाटली ती सहा आठवडे झाले तरी गेलेली नाही.

मी मूळची पुण्याची. बहरीनमध्ये येऊन चौदा वर्षं झाली. कंपनीतले व्हिसा, रजा, करार, विमानाची तिकिटं, थोडक्यात कागद म्हणून जे जे असतं ते सगळं माझ्याकडे. मेस्त्री माझ्याआधीपासून होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं टेबल उचलून खिडकीपासून दूर ठेवलं आणि म्हणाले, "उन्हान फळी वाकता, माणूस पण वाकता." माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी मला ताईच म्हणायचे. आमच्या इंजिनियर मंडळींची त्यांनी कायम फिरकी घेतली. एखादं कपाट बसेना झालं की डोळे बारीक करून म्हणायचे, "ड्रॉइंग पुण्याचा, भिंत बहरीनची. तंटो तर होतलोच!" गावाहून येताना माझ्यासाठी आमसुलं आणायचे, तीही वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि आठवडाभर माझ्या खणाला तो आंबूस वास यायचा. रजेचा अर्ज मात्र कधी वेळेवर भरला नाही. लाकडाशी बोलणाऱ्या माणसाला फॉर्मचं वावडं असावं.

मेस्त्री जायच्या पाच महिने आधी एका गुरुवारी दुपारी पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले एक वृद्ध गृहस्थ ऑफिसच्या दारात आले आणि मेस्त्री कुठे आहेत म्हणून विचारू लागले. त्यांना मी इथे हाजी मन्सूर म्हणते. बुदैयाच्या रस्त्यालगतच्या एका गावात त्यांचं घर आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मेस्त्री त्यांना बाजूला घेऊन जिन्यात बोलले आणि चेहरा पाडून माझ्याकडे आले. हाजींचं दार त्या पहाटे मोडलं होतं, आणि मेस्त्रींना शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते नवं करून द्यायचं होतं. आधीचं दारही त्यांनीच केलेलं. म्हणजे इतकी वर्षं ते शुक्रवारी बाहेर कामं करत होते! इथे आपल्या कंपनीखेरीज दुसऱ्याकडे काम केलं तर व्हिसा जातो, माणूस परत पाठवला जातो, हे त्यांना मीच दरवर्षी वाचून दाखवत होते. मी खूप बोलले. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "ताई, चौकटीचा लाकूड टॅक्सीत मावना नाय. तुमची गाडी मोठी आसा." माणूस इतका निगरगट्ट असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि मी नाही म्हणेन असं त्यांना वाटलं नव्हतं, ते बरोबर निघालं.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. हमरस्ता सोडून गाडी गल्लीत वळली आणि मला काहीतरी विचित्र वाटलं, काय ते लगेच कळेना. भिंती जुन्या, रंग उडालेल्या, त्यांवर कोणी लिहिलेलं आणि कोणी तरी पांढरा रंग मारून झाकलेलं. आणि दारं... एकाआड एक नवीकोरी. मी मेस्त्रींकडे पाहिलं. "माझीच," ते म्हणाले. त्यात अभिमान नव्हता. ते गावातलं वर्तमानपत्रच होतं म्हणा, कोणाकडे कधी आले होते ते दारांवरून वाचता यायचं. तिथे पोलीस हा शब्द कोणी उच्चारत नाही. नुसतं "आले होते" एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा मान हलवतो.

हाजींच्या घराला दाराच्या जागी चादर लावली होती. मोडलेलं दार अंगणात भिंतीला टेकवलेलं. त्यांचा मुलगा जाफर, शाळेत गणित शिकवणारा, त्याला नेलं होतं. त्याने काय केलं होतं? चार लोकांबरोबर उभं राहून म्हणाला होता की खटले न चालवता तुरुंगात कोंडलेली पोरं सोडा, आणि सरकारने जगासमोर माणसांच्या हक्कांच्या ज्या करारांवर सह्या केल्यात ते पाळा. एवढंच. दार कोसळलं तेव्हा जाफरची आई दारामागेच उभी होती. तिच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि ती त्याच हाताने आम्हाला चहा देऊ पाहत होती. मेस्त्री दारापाशी उकिडवे बसले. दोन वर्षांपूर्वी ते त्यांनीच बसवलेलं. मला जवळ बोलावलं. "बोट लावन बघा, ताई." कोयंडा स्क्रूसकट आतल्या बाजूला उपटून आला होता, चौकटीचं लाकूड आत फाटलं होतं, त्याचे तंतू सगळे एकाच दिशेला झुकलेले. मी बोट लावलं. बारीक कूस रुतली. दुपारी हाजींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मच्छी-भात होता. मेस्त्री माझ्या कानात म्हणाले, "सगळा बरा, पण नारळ खय?" आणि त्या घरात, त्या दिवशी, मला हसू आलं.

जाफरच्या आईने त्यांना एक विनवलं होतं, ते परत येताना त्यांनी गाडीत सांगितलं. नव्या दाराला कडी लावूच नकोस म्हणाली. पुन्हा आले तर निदान तो आवाज तरी नको, नातवंडं दचकून उठतात. "मग?" मी विचारलं. "लावली," ते म्हणाले. "बिनकडयेचा दार माझ्या हातसून जावचा नाय."

दार फोडून बायकोला जखमी केल्याची तक्रार हाजींनी केली होती, तिला महिन्याभराने सरकारी उत्तर आलं. दार घरच्यांनी स्वतः उघडलं, बाई पाय घसरून पडल्या. वकील म्हणाले, मोडकं दार तर केव्हाच भंगारात गेलं, आता ते ज्याने काढलं त्या सुताराने सही करून लिहून दिलं तर तक्रार टिकेल, आणि तक्रार टिकली तर जाफरच्या खटल्यातही उपयोग होईल. मेस्त्री दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी. "ताई, माका एक कागद लिवन व्हयो, इंग्रजीत. उघडलेल्या दाराचो कोयंडो असो उपटना नाय, इतक्याच लिवा. लाकूड खोटा सांगना नाय."

मी हो म्हणाले. आणि मग... तुमचा व्हिसा रिन्यू होऊ दे, म्हणाले. तो झाला. मग रमजान होऊ दे. मग साहेब रजेवर जाऊ देत. त्या कागदावर सही म्हणजे शुक्रवारच्या कामाची कबुली होती, पुढच्या विमानाने घरी. मी त्यांची काळजी करत होते असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे लाकूड माझ्या गाडीतून गेलं होतं. व्हिसाचे नियम वाचून दाखवणारी बाईच ते घेऊन गेली होती. माझ्या नवऱ्याची बँकेतली नोकरी, मुलीची दहावी... मी फोनवर बोलताना शब्द निवडायला लागले, गाडीच्या काचा वर करून बोलायला लागले. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कोणी अशी बातमी टाकलीच तर दोन मिनिटांत "नो पॉलिटिक्स प्लीज" येतं आणि पाठोपाठ मोदकांचे फोटो. मला त्या मोदकांचा आधार वाटायचा, खोटं कशाला बोलू? मेस्त्रींना मी म्हटलं, आपण पाहुणे, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. ते म्हणाले, "मासो तर मी रोज खातंय." मग हसणं थांबवून म्हणाले, "जास्तीत जास्त माका घराक धाडतले. ह्येंनी खय जावचा?" मुलीने एकदा आमचं बोलणं ऐकलं आणि रात्री जेवताना विचारलं, "आई, इफ इट्स ट्रू, व्हाय कान्ट यू जस्ट राइट इट?" मी तिला पोळी वाढली.

त्यांनी कधी तगादा लावला नाही. आठवड्यातून एकदा टेबलाशी येऊन उभे राहायचे, "त्या कागदाचा काय झाला?" मी म्हणायचे बघते. "बरा. घाई नाय. पण लिवा." शेवटचं हेच बोलले, गुरुवारी. रविवारी ते गेले.

त्या रविवारी आणि सोमवारी मी मेस्त्रींचे किती कागद केले! मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द, वकिलातीचं पत्र, विमान कंपनीचं पत्र, त्यांच्या मंडळींना मराठीत पत्र. अकरा कागद, दोन दिवसांत, एकही चूक नाही. साहेबांनी कौतुक केलं. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि तेव्हा रडले. पहिल्यांदा.

हाजींकडे जायचं धैर्य व्हायला पाच शुक्रवार लागले. त्यांना कळलेलं होतंच. बैठकीच्या खोलीत गाद्या घातलेल्या असतात, त्यांतली दारासमोरची गादी मोकळी होती. मेस्त्री जेवायला तिथेच बसायचे म्हणे, समोरच्या कामाकडे बघत बघत. घरातले अजून त्या गादीवर कोणी बसत नाहीत. मला मात्र हाजींनी तिथेच बसायला सांगितलं. जाफरच्या आईचं मनगट वाकडं जुळलंय. तिने चहा दिला तेव्हा कपाला दुसऱ्या हाताचा आधार दिला.

मी इथल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की कागद माझ्यामुळे राहिला. हाजींनी हातातली तसबीहची माळ बाजूला ठेवली. म्हणाले, तक्रार या महिन्याअखेर बंद होणार. वकील म्हणतो, पाहणारा माणूस गेला. मी म्हटलं, पण वकिलांनी विचारलं नाही का, आणखी कोणी पाहिलं होतं का?

"पूछा," हाजी म्हणाले. "मेस्त्री बोला, मैं अकेला था. बाद में मेरे को बोला, हाजी, सिस्टर का नाम मफी, नहीं बोलना. उसका बच्ची स्कूल में है." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "हम बोला, ठीक है. मफी."

मला समजायला थोडा वेळ लागला. चार महिने. मेस्त्रींनी मला कागद लिहायला सांगितला, साक्ष द्यायला एकदाही सांगितलं नाही. आणि या दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ते दार पाहिलेलं, त्याला बोट लावलेलं आणखी एक माणूस अदलियात बसलंय. मुलगा आत होता, तरी त्यांनी एका सुताराला दिलेला शब्द पाळला. आत्तासुद्धा ती दोघं मला काही मागत नव्हती. जाफरची आई खजुराची बशी माझ्याकडे सरकवत होती.

मी घाबरट आहे. हे लिहितानाही घाबरलेली आहे. मराठीत लिहितेय त्याचं एक कारण तेही आहे, आणि या लेखात मी सगळ्यांची नावं बदलली आहेत, माझं तर लिहिलेलंच नाही. त्या गादीवर बसून मी हाजींना म्हटलं, वकिलांना फोन लावा. त्यांनी दोनदा विचारलं, पक्का? मग लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तिकडून वकिलांनी नाव विचारलं. पासपोर्टवर आहे तसं, बापाच्या नावासकट, मी ते सगळं सांगितलं.