चौसष्टाव्या संदर्भापुढची खूण

ती हिरवी खूण मी केली होती. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण खुणेआधी एका माणसाच्या बोटाबद्दल सांगायला हवं.

नांदेडच्या एका कॉलेजात आमचं भौतिकशास्त्राचं संशोधन केंद्र होतं आणि सगळे ज्यांना मामा म्हणत ते तिथल्या ग्रंथालयात परिचर होते. जुन्या नियतकालिकाचा बांधीव खंड काढला की ते पान उघडत, लेखाच्या नावाखाली बोट ठेवत, आणि आपण लेखक, खंड, साल, पान उतरवून घेईपर्यंत ते उचलत नसत. कुणी नुसताच संदर्भ लिहून आणला की विचारत, "बोट ठेवलं का?"

तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असेल, ज्याच्याकडे आपण कपाटाच्या किल्लीसारखं, कामापुरतंच बघतो.

मामा दहावी शिकलेले. रोज उमरीहून रेल्वेनं येत. "आतलं गणित काई कळत न्हाई सर," म्हणायचे. "मला निस्ता पत्ता कळतो. खंड म्हंजे गल्ली, पान म्हंजे घर."

एकदा एका प्राध्यापकांनी मोठ्या ऐटीत एक लेख मागितला. मामांनी दोन दिवस शोधला आणि भर वाचनकक्षात सांगितलं, "सर, तुम्ही म्हणता त्या साली हे मासिक निघतच नव्हतं. लेकरू व्हायच्या आधीच बारसं करून राहिले तुम्ही." सर आठवडाभर फिरकले नाहीत. मामांनाच वाईट वाटलं. "बोललो ते खरं, पन हळू बोलाया पाहिजे होतं."

मी लातूरला शिकवत होतो. सुट्टी मिळाली की नांदेड गाठायचं. पीएच.डी.चा प्रबंध फेराइट या चुंबकीय पदार्थावर होता. शेवटी संदर्भांची यादी मामांकडे दिली. ते एकेक खंड काढत, बोट ठेवत, आणि जुळलं की समासात हिरव्या पेनानं बरोबरची खूण करत. चौसष्टावा तेवढा कोरा राहिला. तो मी दुसऱ्याच एका लेखाच्या यादीतून जसाच्या तसा उचलला होता, आणि माझ्या मोजमापांची सगळी तुलना त्या न पाहिलेल्या लेखातल्या एका आकड्याशी होती.

"हे बघितलं न्हाई ना सर तुम्ही?"

"मामा, सगळेच देतात हो तो संदर्भ."

"सगळे जेवले म्हणून तुमचं पोट भरलं का? हैदराबादहून झेरॉक्स मागवलीय. पंधरा दिस थांबा."

मी थांबलो नाही. बढती अडली होती. मामा डबा खायला गेले तेव्हा त्यांच्याच टेबलावरचा पेन घेतला आणि चौसष्टापुढं खूण केली.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी नेमका तोच लेख काढून पाहिला होता. "त्या पानावर भलताच लेख आहे. तुम्ही हा वाचलाय?"

मी पिशवीतून यादी काढली. "सर, संदर्भ ग्रंथालयातल्या माणसानं तपासलेत. ही बघा त्याची खूण."

एरवी मामा मामा करणारा मी. त्यांच्या जागी कुणा बड्या माणसाचा जावई असता, पाव्हणा असता, तर माझी जीभ उचलली नसती. तेही लिहून ठेवतो.

दुरुस्तीच्या अटीवर पदवी मिळाली. पेढे वाटले. चौकशी झाली ती मामांची. प्राचार्यांनी बोलावून यादी पुढं केली, तेव्हा मी तिथंच उभा होतो. मामांनी चष्मा लावला, चौसष्टावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. त्यांच्या खुणेची शेपटी लांब असे. ही आखूड होती.

"खूण तुमची आहे का?"

"माझ्यासारखी हाय, साहेब," मामा हळू म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते दारात पिशव्या सांभाळायला बसले. खंडांना हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

महिन्याभरानं मी दुरुस्त प्रत द्यायला गेलो. मामांनी पिशवी घेतली, बिल्ला दिला आणि खालून एक पाकीट काढलं.

"आलं सर. आधी हैदराबादहून भलतंच पान आलं, म्हणून परत मागवलं. पानाचे दोन आकडे उलटे पडले होते. तुम्ही ज्याचं उतरवलं, चूक त्यानंच केलती." पान उघडून ते थांबले. "ठेवा बोट."

मी ठेवलं. आकडा तिथं होता. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी पिशवी पुढं केली. मी बाजूला झालो.

निवृत्त होईपर्यंत मामा दारातच होते.

आता मी स्वतः मार्गदर्शक आहे. मुलं संगणकाकडून संदर्भ तयार करून आणतात. लेखक खरे, मासिक खरं, लेख मात्र कुठंच नसतो. मी विचारतो, "बोट ठेवलं का?" मुलांना ते फार आवडतं. मागच्या एका कार्यशाळेत त्यांनी ते वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं, खाली माझं नाव. टाळ्या झाल्या. ते नाव काढा, असं मी म्हणालो नाही.

मामा उमरीलाच असतात, असं ऐकतो. नांदेडहून गाडीनं तासाभराची वाट. मी नांदेडलाच उतरतो आणि काम आटोपून परत फिरतो.

इथं लिहिलं म्हणून फिटलं, असं मी मानत नाही. त्यांच्यासमोर बसून, आणि मग त्या कॉलेजला लेखी, दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत. चौसष्टापुढची खूण माझी होती. आणि ते वाक्य मामांचं आहे.