एकवीसचं उत्तर

कुणी कानशिलाशी बोटं मोडली की माझ्या अंगावर काटा येतो. घरी आई भाच्याचं कौतुक करते, कडाकडा बोटं मोडते, आणि मी उठून बाल्कनीत जाते. तिला वाटतं, चार बुकं शिकली म्हणून हिला असल्या गोष्टींचा राग येतो. राग कसला? भीती वाटते मला.

मी प्रोग्रामर. पवईतल्या एका लहानशा कंपनीत होते, तेव्हा मुलुंडकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीचं काम आमच्याकडे आलं. बेड नंबर टाकला की पेशंट कसा आहे, कुठे आहे, नातेवाइकांना काय सांगायचं, हे स्क्रीनवर दिसायचं. सहा खिडक्या, वर फोनवर उत्तरं देणाऱ्या मुली, आणि सगळ्यांचे प्रश्न एकाच सर्व्हरकडे. सकाळी अकराला तर नुसती बोंब. एक नंबर विचारला की उत्तर येईपर्यंत अख्खा स्क्रीन थिजायचा. रांगेतली माणसं खिडकीतल्या ताईंवर खेकसायची आणि ताई फोन करून आमच्यावर.

मी म्हटलं, द्या माझ्याकडे. तेव्हाचा माझा तोरा काय विचारू नका! स्क्रीनने वाट बघत बसायचंच कशाला? प्रश्न पाठव, मोकळा हो, उत्तर येईल तेव्हा दाखव. मी तर 'शोधा'चं बटणसुद्धा काढून टाकलं. आकडे दाबता दाबताच प्रश्न सुटायचे. कुणी दोनशे सतरा टाइप करायला घेतलं, तर दोन आणि एक दाबल्यावर बेड एकवीसचा प्रश्न गेलेला असायचा, पुढचा सात दाबला की दोनशे सतराचा. आधी विचारलेल्याचं उत्तर आधीच येणार, हे मी धरूनच चालले होते. रांगेतल्यांना दिसू नयेत म्हणून पेशंटची नावंही मीच लपवली होती. उत्तर कुणाचं, हे फक्त वर टाइप केलेल्या नंबरावरून समजून घ्यायचं.

पहिल्या दिवशी मी एका खिडकीतल्या ताईंच्या मागे खुर्ची टाकून बसले. ताई मालवणकडच्या, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. दहा मिनिटांत रांग अर्धी झाली. "झकास गो! आधी खंय होतंस?" म्हणाल्या. मी फुगले.

मग ती मावशी आली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली, बोली जालन्याकडची. खिडकीशी येऊन आधी 'जय भीम' म्हणाली, मग नंबर सांगितला, दोनशे सतरा. नवरा आयसीयूत होता आणि ती दोन दिवस जिन्याखालच्या बाकावर बसून होती. ताईंनी नंबर टाकला आणि मोठ्याने वाचलं, "तब्येत स्थिर. जनरल वॉर्डात हलवले. भेट दुपारी चारनंतर."

मावशीला रडूच फुटलं. "मंग घरी जाऊन खिचडी करून आणू का? त्यांला माझ्याच हातची लागती."

"जावा की. चारला या," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं बनवलंय हे. आता पटापट सांगतं."

मावशीने खिडकीतून हात आत घातले, माझ्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "लई भलं व्हईल माय तुझं."

चारला ती आली. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून, हातात डबा. ताईंनी नंबर टाकला. मग पुसला, पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला. तो दुपारी एकच्या सुमारास गेला होता.

"पर सकाळी तुमीच सांगितलं की," एवढंच ती म्हणाली. ओरडली नाही. कुणीतरी तिला धरून वर नेलं, डबा खिडकीवरच राहिला. ताई कपाळाला हात लावून बसल्या. "माझेच डोळे फसले गो. भलतंच वाचलंय असतलंय मी." मी त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कुठला प्रश्न कधी गेला, उत्तर कधी आलं, सगळं त्यात असतं. दोनशे सतराचं उत्तर आधी आलं होतं. "शुद्धीवर आहेत. पत्नीला विचारत आहेत. ताबडतोब वर पाठवा." ते स्क्रीनवर पुरतं सेकंदभरही राहिलं नाही. गर्दीत रखडलेलं एकवीसचं उत्तर मागून आलं आणि त्याच्यावर जाऊन बसलं. ताईंनी वाचलं ते बरोबर वाचलं होतं.

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यायचा, शेवटचा सोडून बाकीची उत्तरं फेकून द्यायची. तीन ओळींचं काम. मी ते केलं, पुढे 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. ताईंनी नवा चष्मा केला, तेव्हाही मी गप्पच.

दीड महिन्याने मी काही कामाने तिथेच बसले होते आणि खिडकीत ती. मृत्यूच्या दाखल्यासाठी आली होती. मला लगेच ओळखलं तिने.

"माय, एक काम करशील? पोरं बोलत न्हाईत माझ्याशी. म्हणत्यात, बाप वर मरत व्हता आन् ही घरी खिचडी शिजवत बसली. त्या दिशी सकाळी तुझ्या मशीननं काय सांगितलं, तेवढं छापून दे. त्यांला दावते."

त्या नोंदी माझ्या लॅपटॉपमध्ये होत्या. लॅपटॉप मांडीवर होता, प्रिंटर हाताशी. दोन ओळींचा कागद, आणि तिची पोरं तिला परत मिळाली असती. पण त्याच कागदावर तो तिला बोलावत होता हेही होतं, आणि चूक कुणाची तेही. तिच्या जिवाला लागेल म्हणून मी थांबले, असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला माझीच पडली होती.

"मावशी, जुनं राहत नाही ह्यात," मी म्हटलं. "पुसलं जातं."

"असू दे, असू दे," ती म्हणाली. "तुझ्याकडं असतं तर तू दिलंच असतं की." आणि खिडकीतून हात आत घालून तिने माझ्या गालांवरून फिरवले आणि बोटं मोडली.