तिसऱ्या चौकोनासाठी जुन्नर आणि नारायणगाव

घोडेगावच्या झेरॉक्सवाल्यानं माझं चित्र परत दिलं, तेव्हाच ठरलं की आता सामान आणायला जायचंच. चित्र मी वहीच्या पानावर निळ्या बॉलपेननं काढलं होतं. झेरॉक्समध्ये माणूस पुसट आला, पाय तर गायबच. मागच्या पानावरची किराण्याची यादी मात्र त्याच्या पोटातून दिसत होती.

"काकू, जाड कागद आना आन् काळी शाई," तो म्हणाला. "निळं आमचं मशीन वळखत न्हाई."

माझी मुलगी सुजाता पुण्याला नर्सिंग शिकते. हा ब्लॉग तिनंच उघडून दिला. मी वहीत लिहिते, ती टाइप करते. तिला पत्र लिहिताना मी कडेला लहान माणसं काढायचे, ते बघून ती म्हणाली, बाबांची तीन चौकोनांची गोष्ट काढ, इथं लावू. तिचे बाबा लाइनमन होते. ती तीन वर्षांची असताना काविळीनं गेले, त्याला आता सोळा वर्षं झाली. पहिल्या चौकोनात ते शिडीच्या पायऱ्यांत डोकं घालून, ती खांद्यावर घेऊन येतात, दुसऱ्यात खांबावर चढतात. तिसऱ्यात काय काढायचं ते सुचेना. मला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी सुजाताला पाठ आहेत. मागच्या सुट्टीत तिनं विचारलं होतं, "आई, बाबांची एखादी नवीन गोष्ट नाही का?" गेलेल्या माणसाची नवीन गोष्ट कुठून आणणार? तिसरा चौकोन रिकामाच राहिला.

फेब्रुवारीतली गोष्ट. शिनोलीहून सकाळची एसटी धरली. डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मंचरला गाडी बदलावी लागते, आणि जुन्नरच्या गाडीत उभं राहायची तयारी ठेवा. रस्ता तसा बरा आहे. नारायणगावाजवळ द्राक्षांच्या पेट्यांचे टेम्पो आडवे येतात, तेवढाच उशीर. नारायणगावात ह्यांची दोन वर्षं नेमणूक होती. खोली घेऊन राहायचे, रविवारी घरी यायचे. हे गेल्यापासून मी तिथं उतरले नव्हते. त्या दिवशीही जाताना खिडकीतूनच बघून घेतलं.

जुन्नरच्या पहिल्या दुकानात चित्रकलेच्या वहीची किंमत ऐकून ती परत ठेवली. वीस पानांसाठी एवढे पैसे घातले तर चूक करायची भीती वाटेल, आणि माझी निम्मी चित्रं चुकतात. त्याच गल्लीत एक छापखाना होता. लग्नसराईच्या पत्रिका कापून झाल्या होत्या आणि मशीनखाली कात्रणांचा ढीग पडला होता. जाड, पांढऱ्या पट्ट्या, चार बोटं रुंद आणि हातभर लांब. मी एक उचलली. तीन चौकोन काढायला जणू मापानंच कापली होती.

मालक म्हातारे, कपाळावर चष्मा चढवलेले. पट्ट्या विकत मागितल्यावर त्यांना नवल वाटलं. रद्दीच्या भावानं, वीस रुपये किलोनं दिल्या.

"ही समदी लग्नं हाएत बघा ताई," ते म्हणाले. "नवरा-नवरी गेलं, कडा तेवढ्या ऱ्हायल्या."

मी म्हटलं, मला कडाच हव्यात. मग त्यांनी आपणहून शिकवलं. पट्टीची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. शाई खरखरीत बाजूवर धरते. पेन घ्यायला जाताना हाच कागद घेऊन जा, दुकानातल्या चिठ्ठीवर पेन बघू नका. काळी पेनं नारायणगावात मिळतील, तिथं कॉलेजची मुलं नकाशे काढतात.

म्हणजे नारायणगावात उतरावंच लागणार होतं.

स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर डोळ्यांतून पाणी निघतं. मग जीप धरली, दहा रुपये. शेजारच्या बाईनं माझा गठ्ठा बघून विचारलं, पत्रिका कोणाच्या लग्नाच्या? मी म्हटलं, नवरा तयार आहे, अजून चेहरा जमत नाही. तिनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

नारायणगावात बाजारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेले. गल्ल्यावर माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या बाई होत्या. त्यांनी पेनं समोर मांडली. मी पट्टी काढली, चौकोन आखले आणि प्रत्येक पेननं थोडं थोडं ह्यांचंच चित्र काढत गेले. स्केचपेन कागदात पसरलं. जेलपेन दिसायला छान, पण ओल्या बोटानं पुसलं की सगळं काळं. ड्रॉइंगचं बारीक पेन टिकलं, ते महागही होतं. शाईची लहान बाटली आणि दोन नंबरचा गोल ब्रश मिळून त्याहून स्वस्त पडत होते, आणि शाई वाळल्यावर बोटाला लागत नव्हती. तेच घ्यायचं ठरवलं.

बाईंनी पट्टी स्वतःकडे फिरवली. बराच वेळ बघत राहिल्या.

"चप्पल कुठं ठिवली त्येची?"

मी विचारलं, कोणाची?

"ह्यो आमचा वायरमनच न्हवं? शिडीच्या पायऱ्यांत डोकं घालून यायचा त्यो?"

मी मान डोलावली. बाई सांगू लागल्या. वायरमन खांबाखाली चपला काढून वर चढायचा. एकदा कुत्र्यानं त्यातली एक उचलली.

"ह्येच्या दातांत पक्कड. वरनं नुस्ता ऊं ऊं करतोय. आमाला वाटलं, करंट लागला. समदा बाजार धावला राव, आन् ह्यो बोट दावतोय कुत्र्याकडं!"

शेवटी बाईंच्या यजमानांनी त्याला आपली एक जुनी चप्पल दिली. तेव्हापासून तो चपला शिडीला बांधून वर न्यायचा.

मला तो रविवार आठवला. एका पायात तपकिरी चप्पल, एका पायात काळी. मी विचारलं, तर हे म्हणाले, पाय दोन, आवड दोन. मी दिवसभर बोलत होते की नवी चप्पल कुठं घालवली. हे नुसते हसत होते.

बाईंनी विचारलं, कुठं असतो आता? बदली झाली म्हणून ऐकलं होतं. मी कोण ते सांगितलं, आणि ते गेल्याचंही. त्यांनी हातातला ब्रश कागदात गुंडाळला, परत सोडला, परत गुंडाळला. मग रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"मग कुत्रं नीट काढ बाई. काळं व्हतं. कान येकच हुबा."

घरी येऊन चार पट्ट्या वाया घालवल्या, पाचवी जमली. ज्यांना असंच काही काढायचं असेल त्यांनी एवढंच घ्यावं: छापखान्याची कात्रणं, एक पेन्सिल, खोडरबर, काळी शाई आणि एक ब्रश. जाण्यायेण्यासकट शंभर-सव्वाशेत भागतं. चेहऱ्याची काळजी करू नये. ह्यांचा चेहरा मला अजून जमत नाही, पण शिडीवरून ओळखणारं माणूस भेटलं. झेरॉक्सवाल्यानं यावेळी कुत्र्याचा कानसुद्धा नीट काढून दिला.

ती झेरॉक्स आणि कुत्र्याची गोष्ट घातलेलं पत्र पोचलं त्या संध्याकाळी सुजाताचा फोन आला. तिच्या बाबांच्या गोष्टी ती आजवर मान खाली घालून ऐकायची. यावेळी हसून हसून तिला बोलताच येईना. पलीकडून नुसतं ऊं ऊं ऐकू येत होतं.

कागद अजून पाऊण किलो उरला आहे. नारायणगावात खांबही पुष्कळ आहेत.